टिमकीची पाणपोई

कूलरचं शास्त्र मला कोणी शिकवू नये. पस्तीस वर्षं झाली, टिमकी, पाचपावली, गोळीबार चौक इथल्या निम्म्या घरांचे कूलर मी उघडलेत. ताट्या बदलल्या, जळलेल्या मोटरी बांधल्या, आणि दर एप्रिलमध्ये 'मिस्त्री, परवा येतो म्हणाले होते ना' अशी बोलणी खाल्ली. माझं नाव हेमराज खापेकर, पण नावानं हाक मारणारे आता दोन-तीनच उरलेत.

तर कूलर. गरम, कोरडी हवा वाळ्याच्या ओल्या ताटीतून आत येते. ताटीतलं पाणी वाळतं, आणि वाळता वाळता हवेतली उष्णता घेऊन जातं. बस, एवढंच आहे ते. पाणी वाळलं तर थंडावा. पण हवा आधीच पाण्यानं भरलेली असेल तर ताटीतलं पाणी वाळायला जागाच राहत नाही, आणि मग कूलर नुसता दमट वारा तोंडावर फेकतो. माणसाचं शरीरही कूलरच आहे. घाम हे त्याचं पाणी, कातडी ही ताटी, हृदय ही मोटर. घाम वाळेनासा झाला की मोटर जिवाच्या आकांतानं पळते, पळते आणि शेवटी जळते. धडधाकट माणूस सावलीत उघड्या अंगानं बसला, पाणी पीत राहिला, तरी काही तासांत जातो. हे मला आता पाठ आहे. तेव्हा नव्हतं.

आम्ही नागपूरकर सत्तेचाळीस डिग्रीच्या फुशारक्या मारणारे लोक. खिशात कांदा ठेवला, डोक्याला दुपट्टा बांधला की झालं. पण दोन हजार तेहेतीस सालच्या मेमध्ये बंगालच्या उपसागरातल्या एका वादळाचं शेपूट विदर्भावर आणि छत्तीसगडावर येऊन बसलं. बरसलं नाही अन् हटलंही नाही. पारा बेचाळीसच्या वर गेला नाही, पण हवा ओल्या फडक्यासारखी अंगाला चिकटली. दुसऱ्या दिवशी पाच राज्यांची वीज गेली. पाच दिवस. देशभरात एकसष्ट हजार माणसं गेली. पुस्तकांत त्याला मोठं इंग्रजी नाव आहे, आम्ही 'ओला उन्हाळा' म्हणतो.

त्याची स्मारकं या शहरात बेचाळीस आहेत. एक मोठं, फुटाळा तलावाच्या काठावर, काळ्या दगडाचं, तिथे पाहुणे येतात. बाकीच्या एकेचाळीस पाणपोया आहेत, ज्या त्या वस्तीच्या. आमच्याकडे मेलेल्या माणसाच्या नावानं उन्हाळ्यात पाणपोई लावायची रीत जुनीच, तीच सरकारनं उचलली. माठ, लिंबाचं एक झाड, आणि वस्तीतल्या मेलेल्यांची नावं असलेला खांब. लोकांनी मग आपली रीत त्यात घातली. स्मृतिदिनाला फुटाळा करायचा, मग पाच दिवसांच्या पाच पाणपोया करायच्या, घरची सगळ्यात शेवटी. दरेक ठिकाणी एक पेला प्यायचा अन् एक झाडाच्या बुंध्याशी ओतायचा. तू कोण, कुठला, कोणत्या जातीचा, हे पाणपोईवर कोणी विचारत नाही.

टिमकीच्या पाणपोईचं सगळं मीच पाहतो. माठ, नळ, पंखा, खांबातल्या तारा. नऊ वर्षांत एक रुपया घेतला नाही. लोक म्हणतात, आईवर काय जीव होता मिस्त्रीचा.

यंदा माझी धाकटी बहीण ललिता आली. ती सोलापूरला शाळेत शिकवते. ओल्या उन्हाळ्यात गाड्या बंद होत्या, तिला येता आलं नव्हतं, आणि नंतर नऊ वर्षं ती या दिवसाला आलीच नाही. दिवाळीला यायची, भाऊबीज करायची, पण मे महिना म्हटला की तिची काहीतरी अडचण निघायची. यंदा स्वतःहून फोन आला. म्हणाली, ते नवीन 'सोबत' आलंय ना खांबावर, मला ते पाहायचंय. माझ्या हातातला पाना खाली पडला.

हे 'सोबत' म्हणजे काय, ते सांगतो. ओल्या उन्हाळ्याच्या दोन वर्षं आधी राज्य सरकारनं राशनकार्डावर दरेक माणसाला एक तापपट्टी दिली होती, मनगटाला बांधायची. तिच्यातून हिरवा उजेड कातडीवर पडतो. ठोक्यासरशी रक्त भरतं, तेवढा उजेड कमी परततो, त्यावरून नाडी कळते. शेजारी अंगाचा ताप मोजायचा एक मणी. आणि पट्ट्या आपसात बोलायच्या. उन्हानं मरणारा माणूस बहुतेक वेळा एकटा असतो, म्हणून म्हाताऱ्याकोताऱ्यांजवळ कोणी आहे की नाही, किती अंतरावर आहे, हे पट्टी टिपायची. दोघांनी हात धरला की एका पट्टीतला विजेचा बारीकसा इशारा कातडीतून कातडीत जाऊन दुसरीला पोचायचा. म्हणजे स्पर्शसुद्धा नोंदलेला. एकट्या माणसाचा ताप वाढला की वस्तीच्या कार्यालयात घंटा वाजायची होती. पण टॉवरच बंद पडले. सगळं पट्टीच्या पोटातच राहिलं.

पुढे नव्या पट्ट्या आल्या आणि मेलेल्यांच्या, जिवंतांच्या सगळ्या जुन्या पट्ट्या जमा झाल्या. उष्णतेनं आतल्या नोंदी फाटल्या होत्या. त्या वाचायची युक्ती कोण्या प्रयोगशाळेतल्या मुलांना गेल्या वर्षी सापडली. एका पट्टीत जे फाटलं ते शेजारच्या पट्टीतून भरायचं, दोन माणसांच्या अर्ध्या आठवणी जोडून एक पुरी करावी तसं. मग ते खांबावर आलं. आपल्या माणसाच्या नावाला हात लावला की शेवटच्या तासांत जवळ कोण होतं ते दिसतं. खाली दोन थाळ्या आहेत. डाव्या थाळीवर तळहात ठेवला की गेलेल्या माणसाचे शेवटचे ठोके हाताला लागतात, उजवीवर सोबत्याचे.

दोन महिन्यांत आमच्या मोहल्ल्याची त्यानं पार उलथापालथ केली. एका सुनेनं नऊ वर्षं टोमणे ऐकले होते, सासूला टाकून शेजारी जाऊन बसली म्हणून. खांबानं सांगितलं, सहा तास तिनं सासूचा हात सोडला नव्हता. आणि समोरच्या गल्लीतले दोघे भाऊ, बापाच्या उशाशी बसलो होतो म्हणून दर वर्षी भाषण करणारे, आता एकमेकांच्या दारावरून जात नाहीत.

आता माझं ऐका.

तेव्हा बायको माहेरी, भंडाऱ्याला होती. घरी मी आणि आई, आणि मागच्या टिनाच्या खोलीत भाडेकरू सुकवारो. छत्तीसगडातल्या डोंगरगडाकडची, इमारतीवर विटा वाहायची. नवरा नव्हता, गावी एक भाऊ, मनराखन नावाचा. ती आईला 'दाई', म्हणजे त्यांच्याकडची आई, म्हणायची, तिची वेणी घालून द्यायची, पाय चेपायची. आईचाही जीव होता तिच्यावर. पण आई जुन्या वळणाची. सुकवारोचा स्टीलचा पेला वेगळा होता, बाहेर खिडकीवर उपडा असायचा. तीन वर्षं ती आमच्या घरात वावरली, पण पाणी त्याच पेल्यानं, बाहेर उभं राहून. मी कधी काही बोललो नाही. घराघरात तसंच होतं, त्यात काय बोलायचं, असं वाटायचं.

चौथ्या दिवशी घरातलं पाणी संपलं. टँकर साडेदहा-अकराला येणार होता, आणि पट्टी दाखवली तरच एक डबा पाणी. सुकवारोचं राशनकार्ड गावचं, छत्तीसगडचं, तिला पट्टीच नव्हती. मी म्हटलं, मी तलावावरून पाणी आणतो, तोवर टँकर आला तर? म्हणून माझी पट्टी काढून तिच्या मनगटाला बांधली. माझ्या नावानं डबा घेऊन ये, म्हटलं. आई खाटेवर होती, डोळे लाल. म्हणाली, "लवकर येजो रे." दहा वाजले होते.

नाईक तलावाशी पोचलो तर माणसं गळ्यापर्यंत पाण्यात बसलेली. मी डबे भरायला वाकलो. पाणी हाताला थंड लागलं. दोन मिनिटं उतरू, म्हटलं. उतरलो, बसलो. चार दिवसांत पहिल्यांदा छातीतली धडधड खाली बसली. शेजारी एक ओळखीचा शिंपी होता, आम्ही बोललोसुद्धा नाही. उठू, उठू म्हणत मी तिथे साडेचार तास बसलो. आई मला आठवत होती. आठवत नव्हती असं सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं, पण तसं नाही. आठवत होती आणि उठवत नव्हतं.

परत आलो तर आई गेलेली. खाटेशेजारी खाली सुकवारो पडलेली, तीही गेलेली. टँकरवरून आली असेल आणि पडली असेल, एवढंच मी मनाशी धरलं. तिच्या मनगटाची पट्टी सोडली आणि माझ्या हाताला बांधली. संध्याकाळी सरकारी गाडी आली. यादीवाल्यानं आईच्या वेळी विचारलं, जवळ कोण होतं? मी म्हटलं, मी. सुकवारोच्या वेळी विचारलं, ओळखता का? हिची ओळख सांगितली तर ही इथे कशी, तुम्ही कुठे होता, हे सगळं निघेल. मी म्हटलं, नाही, कोणी आसऱ्याला आली असेल. त्यांनी तिला अनोळखी म्हणून उचललं.

दोन दिवसांनी फोन लागला तेव्हा ललिता एकच विचारत होती, आई एकटी होती का? मी सांगितलं, मी होतो, तिचा हात माझ्या हातात होता. त्या बोलण्यावर तिनं नऊ वर्षं काढली. आणि महिन्याभरानं मनराखन आला, बहिणीला शोधत. मी म्हटलं, गेली निघून, कुठे ते सांगितलं नाही. तो तीनदा येऊन गेला. शेवटच्या वेळी म्हणाला, गावात लोक म्हणतात ती कोणाबरोबर पळाली. मी त्याला चहा पाजला आणि स्टेशनपर्यंत सोडलं. इतका नीच माणूस आहे मी.

आता खांब सांगणार होता की आई एकटी मेली, आणि माझी पट्टी टँकरच्या रांगेत होती. हे ललिताला कळलं की माझी बहीण गेली, एवढं मला स्पष्ट दिसत होतं. बायको मागेच वारली, मुलगीही नाही, मुलगाही नाही मला. तीच एक.

म्हणून स्मृतिदिनाच्या सकाळी सहाला मी पाणपोईवर गेलो, खांबाच्या मागचं झाकण उघडलं आणि एक तार ओढून ठेवली. माझ्याच हातानं जोडलेली तार. मग घरी येऊन अंघोळ केली.

फुटाळ्यावर गर्दी होती. शाळेची मुलं रांगेत, कोण्या मोठ्या माणसाचं भाषण. ललितानं दगडावर आईचं नाव शोधलं, गिरजाबाई रामाजी खापेकर, वय एकाहत्तर. तिनं त्यावरून बोटं फिरवली, रडली नाही. नावांच्या शेवटी एक ओळ आहे, 'आणि अनोळखी चारशे बारा'. मी दर वर्षी त्या ओळीकडे पाठ करून उभा राहतो. यंदाही राहिलो.

मग पाणपोया केल्या. सक्करदरा, महाल, गांधीबाग. एक पेला प्यायचा, एक ओतायचा. मी वेळ काढत होतो. तर्रीपोहे खाऊ म्हटलं, खाल्ले. दुपारचं ऊन आहे, थोडं टेकू म्हटलं, टेकलो. ललिता सगळं ऐकत होती. महालच्या पाणपोईवर लिंबाखाली बसल्यावर ती आपणहून बोलली. त्या दिवसांत सोलापुरातून एक मालगाडी नागपूरकडे येणार होती, मदतीचं सामान घेऊन. शाळेतले दोघे शिक्षक तिच्यावर चढून आले. तिलाही विचारलं होतं. ती नाही म्हणाली, कारण भीती वाटली.

"तू होतास म्हणून मी स्वतःला माफ केलं भाऊ," ती म्हणाली. "नाहीतर काय केलं असतं देव जाणे."

मी तिला पाणी आणून दिलं.

पाचपावली करून टिमकीला पोचलो तर पाणपोई सांभाळणाऱ्या मंदाताई माझीच वाट पाहत होत्या. मिस्त्री, सकाळपासून खांब बंद आहे, फोन काऊन उचलत नव्हते, म्हणाल्या. खरंच उचलला नव्हता. ओट्यावर उमरेडचे एक म्हातारे काका नऊ वाजल्यापासून बसलेले. त्यांची बायको इथे लेकीकडे आली असताना गेली होती. त्यांची परतीची बस चारला होती.

मी म्हटलं, आतला भाग गेला असेल, नवीन मागवावा लागेल, आज काही होत नाही. काका पिशवी उचलून उभे राहिले. ललितानं माझ्याकडे पाहिलं.

"तू मिस्त्री आहेस ना भाऊ? उघडून तर पाह्य."

उघडलं. दुसरं काय करणार. काकांनी पिशवी खाली ठेवली आणि स्क्रू हरवू नयेत म्हणून दोन्ही हातांची ओंजळ माझ्यापुढे धरली. मी एकेक स्क्रू काढून त्यात टाकला. तार समोर लोंबत होती. खूप अवघड आहे असं दाखवत मी दहा मिनिटं घालवली, मग ती जोडली. खांब उजळला. काकांनी माझ्या पाठीवर थाप दिली.

आधी त्यांना जाऊ दिलं. त्यांनी नावाला हात लावला. खांबावर अक्षरं आली, सोबत: नाही. काका ते दोनदा वाचत होते, ओठ हलत होते. मग 'बरं' म्हणाले. डाव्या थाळीवर हात ठेवून उभे राहिले, उजवी थाळी रिकामी होती. झालं तसं एक पेला प्याले, एक झाडाला ओतला, मंदाताईंना नमस्कार केला आणि बससाठी निघाले. वळणापर्यंत ललिता त्यांच्याकडे बघत होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं मी.

ललितानं आईच्या नावाला हात लावला.

अक्षरं आली. मी ती खाली मान घालून ऐकली, कारण ललिता मोठ्यानं वाचत होती. सोबत: हेमराज रामाजी खापेकर, मुलगा. जवळ: तीन तास दहा मिनिटं. हात हातात: दोन तास चाळीस मिनिटं, शेवटपर्यंत.

मला पहिल्यांदा काय वाटलं ते खरं सांगतो. सुटलो, असं वाटलं. ललितानं माझा दंड धरला, आता ती रडत होती, आणि मंदाताई डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, असा मुलगा सगळ्यांना होवो. मी मान हलवली. हो, मान हलवली मी.

मग डोकं चालायला लागलं. दोन तास चाळीस मिनिटं. म्हणजे टँकरवरून परत आल्यावर ती पडली नव्हती. खाटेशी बसली होती. आईचा हात धरून.

"मला ठोके पाहायचे आहेत," ललिता म्हणाली. "दोघांचे. तेव्हा तू किती घाबरला असशील, ते मला कळू दे."

तिनं डावा हात डाव्या थाळीवर ठेवला, उजवा उजवीवर. मला म्हणाली, तूही ठेव. तिच्या बोटांशेजारी मी माझी बोटं टेकवली, दोन्हीकडे. डावीकडे आई होती. ठोके भरभर, बारीक, मध्येच एखादा गाळणारे. उजवीकडचे जोरात पळत होते. कूलरची मोटर जळायच्या आधी जशी धावते तसे, बेभान. हे असं धावणं हाताला लागलं की मी ग्राहकाला सांगतो, बंद करा, लगेच बंद करा.

डावीकडचे थांबले. ललितानं डोळे मिटले. आईचे ठोके संपले तरी उजवा हात तिनं उचलला नाही. त्या सोबत्याच्या दुःखात आपणही थोडं राहावं, असं तिला वाटलं असणार. उजवीकडचे चालूच होते. एक मिनिट. दोन. हात सोडला नव्हता, खांबावर तसं दिसत होतं, हात हातात. चौथ्या मिनिटाला ते अडखळायला लागले. पळायचे, थांबायचे, पुन्हा पळायचे. मग लांब लांब पडायला लागले. मी मोजत होतो. सातव्या मिनिटाला एक ठोका पडला, त्यानंतर थाळी नुसती थंड लोखंडाची राहिली.

ललितानं डोळे उघडले. थाळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हे काऊन थांबले भाऊ?"

मंदाताईंनीच उत्तर दिलं. पट्टी काढली असेल मिस्त्रीनं, आई गेल्यावर कोणाला भान राहतं. उत्तर तयार होतं. मला फक्त हो म्हणायचं होतं, मग आम्ही घरी गेलो असतो, जेवलो असतो, बहीण जन्मभर माझी राहिली असती. पण बोटं थाळीवरच होती आणि त्यांना अजून तो शेवटचा ठोका लागत होता. माझ्या नावानं एक बाई मेली होती. माझं नाव हाताला बांधून, माझ्या आईचा हात धरून, माझं मरण ती मरून गेली होती, आणि मी तिला ओळखत नाही म्हटलं होतं.

"पट्टी माझी होती," मी म्हटलं. "हात माझा नव्हता."

मग सगळं सांगितलं. तलाव सांगितला, साडेचार तास सांगितले. यादीवाला सांगितला, मनराखन सांगितला. सकाळी ओढलेली तारसुद्धा सांगितली. मंदाताई मधेच उठून माठाकडे गेल्या आणि पाठ करून उभ्या राहिल्या. ललिता ऐकत राहिली. मी थांबलो तेव्हा मला वाटलं, ओरडेल, एक थोबाडीत देईल. द्यायला पाहिजे होती.

"माझ्याशी खोटं बोललास ते मी पाहीन कधीतरी," ती शेवटी म्हणाली. "पण त्या माणसाला तू चहा पाजून परत पाठवलंस?"

तिनं माझ्या खिशाकडे बोट दाखवलं.

"फोन लाव त्याला. आत्ता. माझ्यासमोर."

मनराखनचा नंबर माझ्याकडे होता. प्रत्येक खेपेला तो कागदावर लिहून द्यायचा, काही कळलं तर सांगा म्हणून. तिन्ही कागद माझ्या पाकिटात आहेत, का ठेवले ते विचारू नका. लावला. मागे बैलाच्या घंटेचा आवाज येत होता, शेतात असावा. मी माझं नाव सांगितलं. मग जसं जमेल तसं, मोडक्या हिंदीत, सांगत गेलो. तुझी बहीण कुठे गेली नव्हती. कोणाबरोबर पळाली नव्हती. माझ्या घरात होती. माझ्या आईचा हात धरून होती. इथे त्याचा पुरावा आहे, या खांबात, तू ये आणि हात लावून पाहा.

तिकडे नुसती घंटा वाजत होती. मला वाटलं, आता शिव्या देईल. मी वाट पाहत होतो त्याची, खरं सांगतो.

त्यानं विचारलं, "भैया, पानी तो मिला था न उसको?"

नऊ वर्षं मी त्या खोलीकडे धड पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. आईच्या उशाशी टँकरचा डबा होता. तांब्या त्याच्यावर, आईच्या कपाळावर ओलं फडकं, ओठ ओले. डबा अर्ध्याच्या वर भरलेला होता. तीन तास ती त्या डब्याजवळ बसली होती. आईला घोट घोट पाजत होती, फडकं भिजवत होती. तांब्या आमचा होता. तिचा पेला बाहेर खिडकीवर होता, आणि तो घ्यायला उठायचं तर आईचा हात सोडावा लागला असता. मी आलो तेव्हा तो पेला खिडकीवर उपडाच होता. मीच त्याला हात लावून पाहिला होता, कारण मला तहान लागली होती. तो कोरडा होता, उन्हानं तापलेला. मग डब्यातलं पाणी आमच्या तांब्यानं काढून मी प्यालो होतो.

ललिता माझ्याकडे बघत होती. तिनं माठातून एक पेला भरून आणला होता आणि झाडाशी उभी होती, ओतायची थांबली होती.

मी मनराखनला सांगितलं, "नाही."